सर्व्हरच्या मागचं कुठलं पोर्ट कुठल्या नावाचं?

साध्या रॅक सर्व्हरच्या पाठीमागेही नेटवर्कची सहा पोर्ट सहज असतात: दोन मदरबोर्डवरची, चार एका वेगळ्या कार्डावरची. सातवं व्यवस्थापनाचं, म्हणजे सर्व्हर दुरून हाताळण्याचं, पण ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीत येत नाही. लिनक्स सुरू झालं की पडद्यावर सहा नावं उमटतात. त्यातलं कुठलं नाव कुठल्या पोर्टाचं, हे यादीकडे नुसतं बघून कळत नाही. तरी पहिलं नाव म्हणजे डावीकडचं पहिलं पोर्ट, असं धरून पुढे जाणारे पुष्कळ असतात.

मुंबईत हा अंदाज फार महाग पडतो, कारण इथे माणूस आणि यंत्र एका जागी नसतात. कॉन्फिगरेशन करणारा लोअर परळला किंवा अंधेरीला बसलेला, सर्व्हर ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरात, आणि केबल लावणारा तिसराच कोणी, तिथल्या रिमोट हँड्सच्या, म्हणजे ग्राहकाच्या वतीने यंत्राला हात लावणाऱ्यांच्या, पाळीवरचा. डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याची ठरलेली वाट, चुकीच्या पोर्टावर गेला की सर्व्हर हाताबाहेर जातो. शेअर ब्रोकरच्या सर्व्हरवर ऑर्डरची केबल वेगळी आणि भावांच्या मल्टिकास्टची (एकाच वेळी अनेकांना जाणाऱ्या प्रवाहाची) वेगळी असते. ती दोन नावं अदलाबदल झाली तर मल्टिकास्टची मागणी भलत्याच केबलवर जाते आणि भाव येतच नाहीत. लोक प्रोग्रॅम तपासत बसतात, त्यात दोष नसतोच. सगळ्यात वाईट अवस्था फायरवॉलची. आतली आणि बाहेरची बाजू उलटी लागली तर नियम वाचताना सगळे बरोबर दिसतात, पण ते चुकीच्या दारावर पहारा देत असतात.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. नाव ही पोर्टाची ओळख नाही. नाव कुठल्यातरी ओळखीला बांधलेलं असतं, आणि ते कशाला बांधायचं हे आपण ठरवायचं असतं.

जुनी ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ ही नावं कशालाच बांधलेली नव्हती. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जे पोर्ट आधी सापडलं त्याला शून्य, नंतरच्याला एक. ड्रायव्हर एकाच वेळी, समांतर सुरू होतात. मदरबोर्डवरच्या चिपचा ड्रायव्हर आधी तयार होईल की कार्डाचा, याची हमी कोणी देत नाही. शंभर वेळा एकच क्रम आला आणि कर्नल बदलल्यावर तो उलटला, असं होतं.

यावर पहिला उपाय निघाला तो मॅक पत्त्याचा, म्हणजे प्रत्येक पोर्टाच्या स्वतःच्या हार्डवेअर पत्त्याचा. पोर्ट पहिल्यांदा दिसलं की ‘युडेव्ह’ (लिनक्समध्ये उपकरणांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) एका नियमांच्या फाइलमध्ये लिहून ठेवायचा: हा मॅक म्हणजे ‘ईटीएच०’. कल्पना चांगली, पण मदरबोर्ड बदलला की नवे मॅक यायचे, जुन्या ओळी फाइलमध्ये तशाच राहायच्या, आणि दोनच पोर्ट असलेल्या सर्व्हरवर ‘ईटीएच२’ आणि ‘ईटीएच३’ उगवायची. व्हर्च्युअल मशीनची नक्कल काढली तरी हेच. शिवाय कर्नल स्वतः ‘ईटीएच’चीच नावं वाटत असताना त्याच नावांत अदलाबदल करायची म्हणजे शर्यत होती. ती कधी हरली जाईल ते सांगता येत नसे.

लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या ‘सिस्टिमडी’च्या, जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या १९७ व्या आवृत्तीने पद्धत बदलली. आता नाव पोर्टाच्या जागेवरून बनतं. ‘ईएन’ म्हणजे इथरनेट, ‘डब्ल्यूएल’ म्हणजे वायफाय. पुढचं अक्षर जागेचा प्रकार सांगतं. ‘ओ’ आलं तर मदरबोर्डवरचं पोर्ट, क्रमांक फर्मवेअरने दिलेला, म्हणून ‘ईएनओ१’. ‘एस’ आलं तर स्लॉट, जसं ‘ईएनएस३’. फर्मवेअर यातलं काहीच सांगत नसेल तर पीसीआयचा, म्हणजे कार्डं मदरबोर्डला जोडणाऱ्या बसचा, मार्ग वापरला जातो: ‘ईएनपी५९एस०एफ०’ म्हणजे बस ५९, डिव्हाइस ०, फंक्शन ०. चार पोर्टांच्या कार्डावर बहुधा हेच फंक्शन शून्य ते तीन जातं. पसंतीचा क्रमही हाच: आधी मदरबोर्ड, मग स्लॉट, मग मार्ग. यूएसबीची कार्डं निराळी. डेबियन-उबुंटूवर त्यांचं नाव थेट मॅकवरून बनतं, ‘ईएनएक्स’ आणि पुढे बारा आकडे-अक्षरं.

इथे एक खोच अनेकांना अडवते. पीसीआयवरच्या उपकरणांची यादी देणारा ‘एलएसपीसीआय’ हा आदेश बसचा क्रमांक सोळाच्या पायावर, म्हणजे हेक्झाडेसिमलमध्ये दाखवतो, तर इंटरफेसच्या (लिनक्सला दिसणाऱ्या पोर्टाच्या) नावात तोच क्रमांक साध्या दशमानात येतो. त्यामुळे ‘३बी:००.०’ आणि ‘ईएनपी५९एस०एफ०’ ही एकच वस्तू आहे, कारण ‘बी’ म्हणजे अकरा, आणि तीन गुणिले सोळा अधिक अकरा म्हणजे ५९. तसंच ‘१८:००.०’ हे यादीत ‘ईएनपी२४एस०एफ०’ म्हणून दिसेल. अठरा बघून ‘ईएनपी१८’ शोधत बसणाऱ्याला ते सापडणार नाही. आकडेमोड टाळायची असेल तर ‘इथटूल -आय’ आणि पुढे इंटरफेसचं नाव द्या. ‘बस-इन्फो’च्या ओळीत पीसीआयचा पत्ता जसाच्या तसा मिळतो, वर ड्रायव्हर आणि फर्मवेअरची आवृत्तीही.

मग प्रश्न सुटला का? बराचसा सुटला, पूर्ण नाही. जागेवरून पडलेलं नाव जागा मोजण्याच्या पद्धतीइतकंच पक्कं असतं. डिसेंबर २०२३ मध्ये दादरला फलाटांचे क्रमांक सलग केले तेव्हा मध्य रेल्वेचा एक नंबर फलाट आठ नंबर झाला. फलाट इंचभरही हलला नाही, मोजणी बदलली. पीसीआय बसचं हेच आहे. बसचे क्रमांक चालू होताना, सापडतील तसे वाटले जातात. तुम्ही भलत्याच स्लॉटमध्ये एक एनव्हीएमई डिस्क किंवा जीपीयू बसवलात आणि तिचा पीसीआय ब्रिज (बस जोडणारा दुवा) मोजणीत आधी आला, तर पुढच्या सगळ्यांचा क्रमांक एकाने सरकतो. काल ‘ईएनपी५एस०’ होतं, आज ‘ईएनपी६एस०’ आहे. नेटवर्क कार्डाला कोणी हातही लावलेला नसतो, म्हणून शंका तिकडे जात नाही. बायॉसमध्ये एखादा कंट्रोलर बंद केला तरी हे घडू शकतं.

दुसरी वाट ड्रायव्हरची. काही ड्रायव्हर आपल्या पोर्टाचं स्वतंत्र नाव कर्नलला कळवतात आणि ते इंटरफेसच्या नावाला शेपटासारखं जोडलं जातं: ‘ईएनपी५९एस०एफ०’चं ‘ईएनपी५९एस०एफ०एनपी०’ होतं. ड्रायव्हरमध्ये ही सोय नव्याने आली की कर्नल अपग्रेडनंतर नाव बदललेलं सापडतं आणि सर्व्हर नेटवर्कशिवाय उठतो. याला आणखी एक कंगोरा आहे. लिनक्समध्ये इंटरफेसचं नाव जास्तीत जास्त पंधरा अक्षरांचं असू शकतं. शेपूट लागलेलं वरचं नाव मूळ रोमन लिपीत बारा अक्षरांचं भरतं. त्यावर व्हीलॅन (एकाच केबलवरचं वेगळं आभासी नेटवर्क) १०० चा इंटरफेस करायचा तर टिंब धरून आणखी चार, म्हणजे सोळा. तो तयारच होत नाही. शेपटाआधी तेच नाव तेरा अक्षरांत मावत होतं.

तिसरी वाट नाव देण्याच्या नियमांचीच. ‘सिस्टिमडी’च्या आवृत्त्यांबरोबर हे नियम थोडे-थोडे सुधारत गेले. २४० व्या आवृत्तीपासून कर्नलच्या आदेशओळीत ‘नेट.नेमिंग-स्कीम’ लिहून एका आवृत्तीचे नियम गोठवता येतात. जुना सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेताना हा पर्याय हाताशी ठेवावा. ‘नेट.आयएफनेम्स=०’ लिहून सरळ ‘ईटीएच०’कडे परत जाण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. एकच पोर्ट असलेल्या व्हर्च्युअल मशीनवर तो चालून जातो. दोन किंवा जास्त पोर्ट असलेल्या सर्व्हरवर तो देऊ नये आणि घेऊही नये, आपण मूळ आजाराकडेच परत जातो.

आता ठरवण्याची गोष्ट. नाव मॅकला बांधावं की जागेला? याचं उत्तर तुमच्याकडे काय बदललं जातं यावर आहे. चाळीस सारखे सर्व्हर असतील, कार्ड बिघडलं की त्याच स्लॉटमध्ये तसंच दुसरं बसत असेल आणि बसवणारा रात्री दोन वाजता कॉन्फिगरेशनला हात लावणार नसेल, तर जागेला बांधा. नवं कार्ड जुन्याच नावाने उठेल. याउलट सर्व्हर मोजके, प्रत्येक वेगळा, आत जीपीयू-डिस्क यांची ये-जा असेल, तर मॅकला बांधा. स्लॉट बदलला तरी नाव कार्डाबरोबर जाईल, पण कार्ड बदलल्यावर नवा मॅक लिहावा लागेल हे कामाच्या यादीत आधीच टाकून ठेवा. मदरबोर्डवरच्या पोर्टांचा मॅक मदरबोर्डाबरोबर बदलतो. तो बदलायला कंपनीचा माणूस येणार असेल तेव्हा ही आठवण हवीच.

आमचं मत विचाराल तर फायरवॉल आणि राऊटिंगच्या यंत्रांवर मॅक, एकसारख्या सर्व्हरांच्या ताफ्यात जागा. दोन्हींची भेसळ एकाच ताफ्यात नको.

मॅकला बांधायचं ठरलं तर कुठला मॅक, हेही नेमकं पाहिजे. चालू मॅक आणि कार्डात कोरलेला कायमचा मॅक या दोन गोष्टी आहेत. दोन पोर्टांचा बाँड केला, म्हणजे ती एकत्र बांधून एकच केली, की बहुतेक मांडण्यांत दोन्ही पोर्ट एकच मॅक दाखवू लागतात. व्हीलॅनचा इंटरफेस आपल्या मूळ पोर्टाचा मॅक उचलतो. नेटवर्कचा ब्रिजही (पोर्टं एकमेकांना जोडणारा आभासी स्विच) आपल्या पोर्टांपैकी एकाचा घेतो. अशा वेळी नुसता चालू मॅक जुळवणारा नियम दोन-तीन इंटरफेसना एकदम लागू पडतो आणि नाव कोणाच्या वाट्याला येईल ते नशिबावर. कायमचा मॅक ‘इथटूल -पी’ने कळतो, मात्र ‘पी’ मोठ्या लिपीतला. लहान ‘पी’ वेगळं काम करतो, त्याबद्दल पुढे. मॅकच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातला नाही, सॉफ्टवेअरने दिलेला आहे. त्यावर नाव बांधू नका, पुढच्या वेळी तो वेगळा असू शकतो. आणि सर्व्हरच्या पुढच्या बाजूला ओढून बाहेर येणाऱ्या चिठ्ठीवर छापलेला मॅक बऱ्याचदा व्यवस्थापनाच्या पोर्टाचा असतो. तो इथे उपयोगाचा नाही.

स्वतःचं नाव देणं हा आमच्या मते सगळ्यात टिकाऊ मार्ग. ‘बाहेर०’, ‘साठा०’, ‘भाव०’ अशा अर्थाची छोटी रोमन नावं ठेवा. ‘ईटीएच’ने सुरू होणारं नाव देऊ नका, कर्नलशी पुन्हा शर्यत लागेल. पंधरा अक्षरांची मर्यादा आहेच, पण व्हीलॅनच्या शेपटासाठी पाच जागा सोडा, म्हणजे नाव दहाच्या आत ठेवा.

कृती अशी. /ईटीसी/सिस्टिमडी/नेटवर्क या फोल्डरमध्ये ‘.लिंक’ शेवट असलेली फाइल करा आणि तिच्या नावाची सुरुवात १० ने करा. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि जुळणारी पहिलीच फाइल लागू होते. मूळ नियम ९९ क्रमांकाच्या फाइलमध्ये आहेत, त्याच्या आधी आपला नंबर लागला पाहिजे. फाइलमध्ये दोन भाग. ‘मॅच’ भागात ‘पर्मनंटमॅकअ‍ॅड्रेस=’ आणि मॅक, किंवा जागेला बांधायचं असेल तर ‘पाथ=’ आणि पीसीआयचा मार्ग. ‘लिंक’ भागात ‘नेम=’ आणि आपलं नाव. एका पोर्टाला एक फाइल.

यानंतरची पायरी बहुतेकांकडून राहते. सर्व्हर सुरू होताना आधी इनिटरॅमएफएस, म्हणजे मेमरीत उतरणारी छोटी सुरुवातीची यंत्रणा, चालतं, त्यातही ‘युडेव्ह’ असतो आणि तो तिथेच नाव देऊन मोकळा होतो. आपली फाइल त्या इनिटरॅमएफएसमध्ये नसेल तर जुनंच नाव लागतं, आणि मूळ यंत्रणा आल्यावर ते नाव तसंच ठेवण्याकडे कल असतो. म्हणून डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’, रेड हॅटच्या घराण्यात ‘ड्रॅकट -एफ’ चालवा आणि मगच रीबूट करा. फाइल बरोबर आहे, नाव मात्र बदलत नाही, अशी तक्रार आली की आधी इथे बघावं.

उबुंटूवर नेटप्लॅन (नेटवर्क कॉन्फिगरेशनचं साधन) असेल तर हेच ‘मॅच’ खाली ‘मॅकअ‍ॅड्रेस’ आणि जोडीला ‘सेट-नेम’ लिहून होतं. नेटवर्कमॅनेजर या दुसऱ्या साधनावर प्रोफाइलला इंटरफेसचं नाव न देता इथरनेटच्या भागात मॅक दिला तरी चालतं, तो कायमच्या मॅकशीच जुळवतो.

एका पोर्टाला सध्या कुठकुठली नावं मिळू शकतात ते बघायला ‘युडेव्हएडीएम टेस्ट-बिल्टइन नेट_आयडी’ आणि पुढे /सिस/क्लास/नेट/ मधला त्याचा मार्ग द्या. मदरबोर्ड, स्लॉट, मार्ग आणि मॅक यांवरून बनणारी नावं वेगवेगळ्या ओळींत येतात. कर्नल ५.५ पासून एका पोर्टाला पर्यायी नावंही असतात, ‘आयपी लिंक’मध्ये ती ‘ऑल्टनेम’ म्हणून दिसतात. ‘आयपी’ आदेशाला ती चालतात, पण फायरवॉलचे नियम मुख्य नावच बघतात. पर्यायी नावावर नियम लिहाल तर तो कधीच लागू होणार नाही.

नाव पक्कं झालं, तरी ते नाव म्हणजे पाठीमागचं नेमकं कुठलं पोर्ट हे सिद्ध करायचं राहिलंच. त्यासाठी तीन साक्षी घ्या.

पहिली साक्ष लिंकची. आधी ‘आयपी लिंक सेट’ वापरून प्रत्येक पोर्ट ‘अप’ करा. बंद पोर्ट केबल लागलेली असली तरी लिंक दाखवत नाही, आणि हे न केल्याने चांगल्या केबली बदलल्या जातात. मग ‘आयपी -बीआर लिंक’ बघा. ‘नो-कॅरिअर’ म्हणजे केबल नाही किंवा पलीकडचं पोर्ट बंद.

दुसरी साक्ष दिव्याची. ‘इथटूल -पी’, लहान लिपीतला, पुढे इंटरफेसचं नाव आणि ६०. त्या पोर्टाचा दिवा साठ सेकंद लुकलुकतो. आकडा दिला नाही तर थांबवेपर्यंत. फोनवर रिमोट हँड्सशी बोलताना ‘कुठला दिवा लागला’ एवढंच विचारू नका, लिंक असलेल्या पोर्टांचे दिवे एरवीही चमकत असतात. एक-एक पोर्ट लुकलुकवा, मध्ये थांबा, आणि समोरच्याने जागा सांगायची ती ‘सर्व्हरच्या मागे उभं राहून, डावीकडून’ अशा ठरलेल्या शब्दांत. पुढून आणि मागून यात डावं-उजवं उलटतं. चालू सर्व्हरवर केबल उपटून ओळखण्याचा मार्ग बाँड नसताना घेऊ नका. व्हर्च्युअल मशीनवर आणि काही ड्रायव्हरांवर दिव्याचा आदेश चालत नाही, तिथे ही साक्ष सोडून द्या.

तिसरी साक्ष स्विचची, आणि ती सगळ्यात मोलाची, कारण ती रॅकपाशी न जाता मिळते. एलएलडीपी म्हणजे शेजारच्या उपकरणाला आपली ओळख सांगण्याची पद्धत. त्यासाठी ‘एलएलडीपीडी’ बसवा आणि मिनिटभराने ‘एलएलडीपीसीटीएल’ चालवा. स्विच साधारण दर ३० सेकंदांनी आपलं नाव आणि पोर्ट क्रमांक सांगत असतो, तो प्रत्येक इंटरफेससमोर दिसतो. काहीच आलं नाही तर दोन गोष्टी बघा. स्विचवर एलएलडीपी चालू आहे का, सिस्कोच्या बऱ्याच स्विचवर ते वेगळं चालू करावं लागतं. आणि कार्ड इंटेलच्या एक्स७१० घराण्यातलं आहे का. त्या कार्डाचं फर्मवेअर एलएलडीपीची पाकिटं स्वतःच गिळतं, लिनक्सपर्यंत पोचू देत नाही. ‘इथटूल --सेट-प्रिव्ह-फ्लॅग्ज’ने ‘डिसेबल-एफडब्ल्यू-एलएलडीपी’ हा झेंडा ‘ऑन’ केला की ती दिसू लागतात.

स्विचच्या बाजूने मॅकची यादीही ताडून बघा. तिथे एका पोर्टावर दोन मॅक दिसले तर लगेच घाबरू नका. व्यवस्थापनाचा कंट्रोलर मदरबोर्डवरचं पहिलं पोर्ट वाटून घेण्याच्या मोडमध्ये असतो तेव्हा त्याचा मॅक तिथेच दिसतो.

नव्या सर्व्हरवर हे सगळं इन्स्टॉल करतानाच बसवता येतं. पीएक्सईने, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून, उठणाऱ्या सर्व्हरला ज्या पोर्टावरून तो उठला त्याचा मॅक कर्नलच्या आदेशओळीत ‘बूटआयएफ’ म्हणून देता येतो. मॅकच्या आधी ‘०१-’ असतं आणि जोड्यांमध्ये आडव्या रेघा, हे जुळवताना लक्षात ठेवा. इन्स्टॉलरला ‘पहिलं पोर्ट’ सांगण्यापेक्षा हे सांगणं केव्हाही बरं.

तिन्ही साक्षी जुळल्या की प्रत्येक सर्व्हरसाठी एक तक्ता भरा: नाव, कायमचा मॅक, पीसीआयचा पत्ता, मागून दिसणारी जागा, स्विच आणि त्याचं पोर्ट, व्हीलॅन, केबलवरचा टॅग. मॅक आणि पीसीआय दोन्ही लिहा. नाव एकालाच बांधलेलं असलं तरी बिघाडाच्या रात्री दुसऱ्यावरूनच उलगडा होतो.

दूर बसून बदल करताना आधी व्यवस्थापनाच्या कन्सोलवर लॉगिन करून बघा, पासवर्ड चालतो याची खात्री करा, आणि मगच नेटवर्कला हात लावा. नेटप्लॅनवर ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर ते जुनं कॉन्फिगरेशन परत आणतं. बाँड आणि ब्रिजच्या खास सेटिंगना मात्र हा परतीचा रस्ता नाही, तिथे कन्सोल उघडाच ठेवा. आणि नावांचा बदल चालू सत्रात बरोबर दिसला म्हणून खिडकी बंद करू नका. नावं वाटली जातात ती उठताना. एकदा साधं रीबूट, एकदा वीज पूर्ण तोडून पुन्हा चालू, आणि दोन्ही वेळा ‘आयपी -बीआर लिंक’ त्या तक्त्याशी ओळीओळीने ताडून बघा.